मोबाइल सेवेतील स्वनियमन आणि ग्राहकसंरक्षण : ठाणे व नवी मुंबई

ग्राहकाची तक्रार मोबाइल कंपनीने स्वतःच ऐकायची, स्वतःच निकालात काढायची आणि आपल्या सेवेची ग्वाहीही स्वतःच द्यायची, या पद्धतीला स्वनियमन म्हणतात. अमेरिकेत कंपन्यांच्या सीटीआयए या संघटनेने २००३ मध्ये आपणहून ग्राहकसंहिता काढली. भारतात सीओएआय ही मोबाइल कंपन्यांची संघटना १९९५ पासून आहे. पण नंबर पोर्ट करणे (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे), जाहिरातींचे फोन बंद करून घेणे अशा सोयी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) नियम केले तेव्हाच ग्राहकाच्या पदरात पडल्या. त्यामुळे इथले स्वनियमन हे सक्तीचे स्वनियमन आहे. शब्दांची जोडी विचित्र वाटते, पण वस्तुस्थिती तीच.

दूरसंचार परवान्यांच्या नकाशात ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण हे भाग मुंबई परिमंडळात मोडतात. उरलेला बहुतेक महाराष्ट्र गोव्यासह वेगळ्या परिमंडळात. २० जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टची सोय आली, ती परिमंडळापुरतीच. ऐरोलीतून पुण्याला बदली झालेल्याला नंबर तोच ठेवून तिकडची कंपनी घेता येत नसे. ही भिंत ३ जुलै २०१५ रोजी पडली.

तक्रारीची पहिली पायरी कस्टमर केअर. इथे एकच गोष्ट हातात पडली पाहिजे : डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक. ‘मॅडम, तुमची तक्रार नोंदवली आहे’ एवढ्यावर फोन ठेवला की पुढे दाखवायला काही उरत नाही. गोखले रोडवरच्या रिचार्जवाल्याकडे किंवा कंपनीच्या गॅलरीत तोंडी सांगितलेल्या तक्रारीचीही तीच गत. तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांत कंपनीकडेच अपील करता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. २०१२ च्या नियमांनुसार अपिलावर सल्ला द्यायला दोघांची समिती असते, एक ग्राहक संघटनेचा, एक कंपनीचा. निकाल मात्र कंपनीने नेमलेला अधिकारीच देतो. आरोपी आणि न्यायाधीश एकाच छताखाली, हा या व्यवस्थेचा मूळ दोष. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही, हे अनेकांना तिकडे अर्ज धाडल्यावर कळते.

नियामक आणि कंपन्या यांची खरी झटापट कॉल ड्रॉपवरून झाली. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलचा, अशी भरपाई ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो रद्द केला. पारसिकच्या बोगद्यात शिरताना तुटणाऱ्या कॉलची किंमत पुन्हा शून्य झाली.

जाहिरातींच्या उपद्रवावर १९०९ हा नंबर उपाय आहे. आता संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर दिसते : पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचा म्हणून आलेला संदेश साध्या दहा आकडी नंबरावरून असेल तर तिथेच शंका घ्यावी.

मोबाइलच्या मनोऱ्यांच्या (टॉवरच्या) बाबतीत स्वनियमन जास्तच उघडे दिसते. सप्टेंबर २०१२ पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांश केली गेली. पण ती पाळल्याचे प्रमाणपत्र कंपनी स्वतः लिहून देते आणि दूरसंचार खाते त्यांतले काही मनोरे तपासते. गच्चीवर मनोरा घ्यायचा का, यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत भाड्याचे उत्पन्न आणि वरच्या मजल्यावरच्यांची भीती समोरासमोर येतात, तेव्हा हे प्रमाणपत्र क्वचितच कोणी मागते.

कंपनीच्या दाराबाहेरचा रस्ता ग्राहक आयोगाकडे जातो. तो मधली काही वर्षे जवळजवळ बंदच होता. टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, तेव्हा टेलिफोन बिलाचे तंटे ग्राहक मंचाने (जिल्हा आयोगाचे तेव्हाचे नाव) ऐकू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. महिन्याला साधारण साडेपाचशेचे बिल येणाऱ्या अहमदाबादच्या एका ग्राहकाला २४ हजारांवर बिल आले. त्याच्या प्रकरणात १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने मोबाइल ग्राहकाला आयोगाचे दार मोकळे असल्याचे स्पष्ट केले. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, वकील सक्तीचा नाही आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

कुठे जायचे हे मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर ठरते. ठाण्यात जिल्हा आयोग आहे, नवी मुंबईकरांसाठी अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात. खारघर-कामोठे लोकांच्या बोलण्यात नवी मुंबईच, पण जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला. खारघर हे बेलापूरच्या पुढचेच स्टेशन असूनही! यावर २०१९ च्या कायद्यातच तोड आहे : राहत्या ठिकाणाप्रमाणेच पोटापाण्यासाठी जिथे काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. खारघरचा माणूस महापे किंवा ऐरोलीत नोकरीला असेल तर नोकरीचा पुरावा जोडून तो कोकण भवनातच अर्ज देऊ शकतो.