सेन्सरची बॅटरी खातं कोण?

बिनतारी सेन्सर बऱ्याचदा सीआर२०३२ वर चालतात, म्हणजे तो नाण्याएवढा गोल सेल, त्यात साधारण २२५ मिलीअँपिअर-तास एवढीच शिदोरी असते. आता सेन्सर नेटवर्कमध्ये खूप वापरली गेलेली सीसी२४२० ही रेडिओ चिप घ्या, ती फुल पॉवरवर बोलताना १७.४ मिलीअँपिअर खाते आणि नुसतं ऐकत बसली तरी १८.८. आकडे उलटे टाइप झालेले नाहीत, ऐकणं खरंच महाग पडतं, कारण बोलताना हवेत जेमतेम १ मिलीवॅट सोडायचा असतो पण ऐकताना कुठूनतरी येणारा मरतुकडा सिग्नल पकडायला अँप्लिफायरपासून डिकोडरपर्यंत सगळी फौज जागी ठेवावी लागते.

म्हणजे रेडिओ सतत चालू ठेवला तर सेल १२ तासांत आटोपला (खरं तर त्याआधीच, असल्या सेलला एवढा करंट झेपत नाही). तोच सेन्सर गाढ झोपेत २ मायक्रोअँपिअरवर राहिला तर कागदावर जवळपास १३ वर्षं.

मग करायचं काय, तर डेटा पाठवायच्या आधी जागच्या जागीच चावून घ्यायचा. समजा मोटरवर कंपन मोजणारा सेन्सर बसवलाय, तीन दिशा, सेकंदाला १००० वाचनं, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे सेकंदाला ६००० बाइट झाले. पण आपल्याला हवंय काय, तर बेअरिंग खराब झाल्यावर जी एक ठरावीक फ्रिक्वेन्सी वर येते ती आली का, एवढंच! त्यासाठी अख्खा एफएफटी (सिग्नलमधल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम वेगळ्या काढणारं गणित) चालवायची गरज नाही. गर्टझेल नावाच्या माणसाने १९५८ मध्ये एक पद्धत दिली, एकाच फ्रिक्वेन्सीची ताकद काढायची, दर वाचनाला एक गुणाकार आणि दोन बेरजा, मेमरीत फक्त दोन जुने आकडे. मला हा अल्गोरिदम जाम आवडतो. ६००० बाइटच्या जागी दोन-चार बाइट जातात आणि तेही गडबड दिसली तरच.

छोट्या प्रोसेसरला दशांशाचं गणित जड जातं, म्हणून सगळं पूर्णांकात बसवतात. सरासरी काढताना मुद्दाम १६ वाचनं घेऊन १६ ने भागतात, कारण मग भागाकार लागतच नाही, बिट चार घरं उजवीकडे सरकवले की झालं.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे, सगळेच झोपलेले असताना एक बोलेल तेव्हा दुसरा ऐकायला जागा हवा, मग दोन सेन्सर एकाच वेळी जागे कसे होणार? घड्याळातला क्रिस्टल (वेळेचे ठोके देणारा स्फटिक) दहा लाखांत २० भाग चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद फरक पडतो, आणि दुसरा उलट्या दिशेने चुकत असेल तर साडेतीन! तेवढा वेळ रेडिओ उघडा ठेवून वाट बघायची म्हणजे पुन्हा तेच १८.८. त्यामुळे दर मिनिटाला एखादं पॅकेट आलं की त्यावरूनच घड्याळ जुळवून घेतात, मग चूक अडीच मिलिसेकंदांच्या आत राहते आणि तेवढंच आधी उठलं तरी भागतं.