नलोपाख्यान

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितलेली निषधराजा नल आणि विदर्भकन्या दमयंती यांची कथा. द्यूतात सर्वस्व घालवून पांडव काम्यकवनात राहत होते आणि अर्जुन अस्त्रांसाठी इंद्रलोकी गेला होता. माझ्याहून दुर्दैवी राजा कधी झाला आहे का, असे युधिष्ठिराने विचारले, तेव्हा ऋषींनी हे आख्यान सांगितले. सांगितली जाते ती कथा हरलेल्या जुगाऱ्याची आणि ऐकणाराही हरलेला जुगारीच. वीरकथेतून माणूस काय शिकतो, हे महाभारतात इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

हंसदूत, स्वयंवर, नलाचे रूप घेऊन आलेले चार देव हा भाग सर्वांच्या परिचयाचा. श्रीहर्षाचे नैषधीयचरित आणि मराठीत रघुनाथ पंडितांचे आख्यानकाव्य याच भागात रमले. कथेचा गाभा मात्र त्यापुढे आहे.

दमयंतीने नलाला वरल्याने कलियुगाचा अधिपती कली चिडला आणि संधीची वाट पाहत राहिला. बाराव्या वर्षी एकदा लघुशंकेनंतर पाय न धुता नल संध्येला बसला, तेवढ्या चुकीतून कली त्याच्या अंगात शिरला. मराठीत ‘कली शिरणे’ आपण सहज म्हणतो. इथे ते शब्दशः घडते. भाऊ पुष्कर याच्याशी खेळत नलाने राज्य घालवले. वनात फाशांनीच पक्षी होऊन त्याचे वस्त्रही पळवले. मग दोघांत एकच वस्त्र उरले. निजलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून तो निघाला, परत आला, पुन्हा निघाला. त्याचे मन झोपाळ्यासारखे जात-येत होते असे मूळ कथा सांगते. दोष कलीवर टाकून नलाला मोकळे करणे मला पटत नाही, आणि कथाही तसे करत नाही. ‘जुगाऱ्या, माझे अर्धे वस्त्र कापून कुठे गेलास?’ हा दमयंतीचा प्रश्न घेऊन ब्राह्मण गावोगाव फिरतात आणि तो ऐकून नलाचे डोळे भरून येतात.

वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला नल उचलून नेतो. पावले मोजत चल, असे नाग सांगतो आणि दहाव्या पावलाला त्याला डसतो. त्या विषाने नल कुरूप होतो, पण त्याची आग होते आतल्या कलीला. ओळख गेलेला राजा बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे अश्वशाळेत कामाला राहतो.

पुढचा प्रसंग बेहड्याच्या झाडाखाली घडतो. नल कुठे आहे याचा सुगावा लागल्यावर दमयंती दुसऱ्या स्वयंवराचा निरोप मुद्दाम ऋतुपर्णाकडे धाडते. एका दिवसात विदर्भ गाठण्याइतके घोडे हाकणारा नलाशिवाय कोण? वाटेत ऋतुपर्ण एका नजरेत सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नल रथ थांबवून फळे मोजतो; आकडा खरा निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतो. त्याच क्षणी कली विष ओकत बाहेर पडतो आणि बेहड्यात शिरतो. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत, हे ध्यानात घेतले की झाडाची निवड उमगते. नल फाशांपासून दूर पळून मुक्त होत नाही. ज्याने बुडवले तेच पुरते जाणून घेतल्यावर मुक्त होतो. शिवाय हे ज्ञान त्याला फुकट मिळत नाही, स्वतःची विद्या देऊन तो ते घेतो.

ताटातुटीच्या चौथ्या वर्षी दोघांची भेट होते. पुढे एकाच डावात राज्य परत जिंकल्यावर नल पुष्कराला मारत नाही, त्याचा वाटा त्याला देऊन सन्मानाने पाठवतो.

१८१९ मध्ये फ्रान्झ बोप यांनी हे आख्यान लॅटिन भाषांतरासह लंडनमध्ये छापले आणि युरोपात संस्कृत शिकणाऱ्यांचे ते पाठ्यपुस्तक बनले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ते विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादिलेल्या आरण्यकपर्वात, म्हणजेच वनपर्वात (१९४२) आहे.

आख्यान संपल्यावर युधिष्ठिर बृहदश्वांकडे अक्षहृदयच मागतो आणि ऋषी ते देतात. पुढे अज्ञातवासात तो कंक नाव घेऊन विराटाच्या दरबारी राहतो, तो फाशांचा जाणकार म्हणून.