केन म्हणून आणली ती बांबूची निघाली

मी क्रोशेची खेळणी करते. ससा, हत्ती, ऑक्टोपस, कुणी मागितलीच तर शेपटीसकट मगर पण, आणि बारशाला द्यायची असली की लोकांना ती टोपलीत बसवून हवी असतात, वर रिबीन बांधून. तर दोन वर्षांमागे गोव्यातल्या पर्यटकांच्या पट्ट्यातल्या एका दुकानातून मी डझनभर 'केन बास्केट' उचलल्या, चांगले पैसे मोजून, आणि पुढे वर्षभर ऑर्डर घेताना मी पण बिनधास्त 'हँडमेड केन बास्केटसहित' असं लिहीत राहिले. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सुपं-टोपल्या मांडून बसलेल्या एका मावशीला त्यातलीच एक दाखवून विचारलं, असली केनची तुमच्याकडे मिळेल का. तिने ती हातात पण घेतली नाही, बसल्या जागेवरून बघून हसली नि म्हणाली, "बाये, हो कोंडो!" कोंकणीत कोंडो म्हणजे बांबू. बाजूची मिरच्यावाली पण हसली, म्हणजे तिला पण दिसत होतं, मलाच दिसत नव्हतं.

घोळ मुळात शब्दाचा आहे. मराठीत वेत वेगळा, बांबू वेगळा, बांबूलाच वेळू, कळक अशी जुनी नावं, सगळं स्वच्छ. पण दुकानात 'केन' आलं आणि तो शब्द भलताच ऐसपैस, वेत पण केन, मास्तरांची छडी पण केन, ऊस तर शुगरकेन, आणि गंमत म्हणजे ऊस वेताचा कुणीच लागत नाही, तो बांबूच्या भाऊबंदांतला. त्यात अजून एक 'विकर'. विकर नावाची वनस्पतीच नाही, ती विणायची पद्धत, त्यामुळे वेताची, बांबूची, अगदी प्लॅस्टिकची पण विकर बास्केट असू शकते आणि दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. आपण पण कमी नाही म्हणा, स्वेटर विणतो, चटई विणतो, खाट विणतो, टोपली विणतो, माझा ससा पण विणलेलाच, त्यामुळे विणलेलं काही दिसलं की 'वा, सुंदर विणलंय' इथेच गाडी थांबते, कशाचं विणलंय ते कोण बघतंय.

तर बांबू हे गवत. तांदूळ, ऊस, बांबू सगळे एकाच घराण्यातले. कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच येतो, झाडाच्या खोडासारखा वर्षाला वर्षाला जाड होत नाही, काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं नुसता आतून कडक होत राहतो. आत पोकळ, आणि दर पेराच्या गाठीशी आडवा पडदा. वेत म्हणजे पामच्या कुळातला, माड-पोफळीचा नातेवाईक, पण स्वतःच्या पायावर उभा राहणारा नाही, वेलासारखा दुसऱ्या झाडावर चढणारा. अंगभर काटे, आणि आकड्यांसारखे उलटे काटे फांद्यांत अडकवत अडकवत तो वर जातो, काही जाती तर शंभर मीटरपेक्षा लांब वाढतात. काटेरी सालपटं सोलून काढली की आत गुळगुळीत, भरीव, बऱ्यापैकी सारख्या जाडीची दोरी म्हणा ना. इंग्रजीत याला रॅटन म्हणतात, तो शब्द मलय भाषेतल्या 'रोतान'वरून आलाय. म्हणजे केन आणि रॅटन असे दोन वेगवेगळे भाव सांगून कुणी गोंधळात टाकत असेल तर समजून घ्या, बहुतेक वेळा तो एकाच वस्तूबद्दल बोलतोय.

आता खरा फरक, म्हणजे मला तरी पटलेला. बांबू चिरतात, वेत वाकवतात. बाकीचं सगळं यातून येतं.

बांबूचे धागे एका सरळ रेषेत उभे असतात, त्यामुळे कोयता गाठीवर ठेवून एक ठोका दिला की तो स्वतःच फाटत जातो, दोनाचे चार, चाराचे आठ, मग त्याच्या कामट्या, मग कामट्यांच्या अजून पातळ पट्ट्या, बाहेरची हिरवी चकचकीत साल वेगळी आणि आतला पांढरट भाग वेगळा. त्या मावशीच्या शेजारी बसून मी हे अर्धा तास बघितलं (त्या बदल्यात दोन रोवळ्या घ्याव्या लागल्या, चालायचंच). चीर एका बाजूला घसरायला लागली की ती जाड बाजू हाताने जास्त वाकवते आणि चीर परत मध्यावर येते, बघायला इतकं सोपं वाटतं की मी पण करून बघितलं आणि माझी पट्टी वीतभर गेल्यावरच तुटली. टोपलीला उभ्या पट्ट्या जाड, त्या तळाशी चांदणीसारख्या एकमेकींवर टाकायच्या, वर वळवायच्या, आणि पातळ पट्टी घेऊन एकीच्या आतून एकीच्या बाहेरून फिरत राहायचं. हे सगळं बांबू ओला असताना, वाळला की तो ऐकत नाही. यासाठी फार जून बांबू चालत नाही, जरा कोवळा लागतो, जून झालेला मांडवाला आणि शिडीला.

वेताची मजा अशी चिरण्यात नाही. जाड वेताला ज्योतीवर शेकतात, कारखान्यात हल्ली ब्लो लॅंप असतो, तापला की तो मऊ पडतो, मग हव्या त्या वळणात दाबून धरायचा आणि थंड झाला की ते वळण कायमचं. खुर्चीचा गोल हात, झोपाळ्याची कमान ही सगळी यातली. बांबू पण आगीवर वाकतो, नाही असं नाही, पण तो आतून पोकळ, घट्ट वळण द्यायला गेलात तर बसतो, चेपतो. बारीक वेत पाण्यात भिजवला तरी पुरतो. आणि वेताची साल सोलून जी चपटी चमकदार पट्टी निघते तिने खुर्चीच्या बैठका विणतात, आपल्याकडच्या जुन्या घरांत बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्च्यांना ती आठ कोनी भोकांची जाळी असते ना, तीच. साल काढल्यावर उरलेला आतला गाभा शेवयांसारखा गोल काढून त्याच्या बास्केट होतात. एका वेताच्या अंगावरच्या सालीवर आजोबा बसायचे आणि गाभ्यात फळं ठेवायचे, असा हिशेब.

गोव्यात रोजच्या वापरातलं बघाल तर बहुतेक सगळं बांबूचंच. सूप, रोवळी, कोंबड्या झाकायची टोपली, मासळीवालीची पाटी, पोदेराच्या सायकलवरची पावाची टोपली (आता तिथे बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकचा क्रेट आलाय, पाव तोच पण बघायला मजा नाही). याला कारण आहे. बांबूची बाहेरची साल पाणी पीत नाही, तिच्यात सिलिका असते आणि वर मेणासारखा थर, म्हणून रोवळीत तांदूळ धुतले की पाणी निथळून जातं आणि रोवळी उन्हात टाकली की खडखडीत. वेताच्या गाभ्याच्या बास्केटमध्ये रोज तांदूळ धुवून बघा, आठवड्यात काळी पडेल. भाद्रपदात वायनांसाठी (वाणांसाठी) सुपं लागतात ती पण बांबूचीच, चवथीच्या आधी बाजारात सुपांच्या चळती लागतात आणि भाव करताना आपण सगळे अचानक फार हुशार होतो. हे काम इथे पिढ्यानपिढ्या मुख्यतः महार समाजाने केलं, सूप देवापुढे गेलं आणि ते करणारा बाहेर राहिला, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी सुपावर दहा रुपये कमी कर म्हणताना आठवत नाही.

मग वेत महाग का? तो शेतात बांधावर लावून तीन वर्षांनी कापला असं सहसा होत नाही, त्याला चढायला झाड लागतं, म्हणजे जंगल लागतं. भारतात ईशान्येकडे, अंदमानात, पश्चिम घाटात मिळतो, पण जगात सगळ्यात मोठा साठा इंडोनेशियात, आणि त्यांनी २०१२ पासून कच्चा वेत बाहेर पाठवणंच बंद केलं, माल करूनच विकायचा म्हणून. बांबूचं उलटं झालं. आधी कायद्याच्या भाषेत बांबू 'झाड' धरला जायचा, गवत असून, त्यामुळे स्वतःच्या जागेतला तोडून न्यायला पण परवानग्यांची भानगड, ते २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती करून जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं काढून टाकलं. वनस्पतीशास्त्रवाले केव्हापासून गवत म्हणत होते, सरकारला पटायला वेळ लागला.

दुकानात ओळखायचं कसं, तर आधी टोक शोधा. कुठेतरी कापलेलं टोक असतंच, बहुतेक तळाशी किंवा काठाच्या आत लपवलेलं. गोल, भरीव आणि नीट बघितलं तर टोकावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतील तर वेत. ही छिद्रं आरपार जातात, वीतभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून दुसरीकडून जोरात फुंकलं तर बुडबुडे येतात, माझ्या भाच्याने घरातल्या मोडक्या खुर्चीचा एक तुकडा यातच संपवला. चपटी पट्टी असेल, एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत, कडा धारदार, तर मात्र जरा सावकाश, कारण वेताची साल पण चपटी नि चकचकीतच असते. तेव्हा गाठ बघायची. बांबूच्या पट्टीवर गाठीशी उंचवटा लागतो, बोट फिरवलं की कळतं, वेतावर नुसता पुसट व्रण. रंगावर जाऊ नका, रंग दोघांना पण लावतात. खरं तर गडद कॉफी रंग एकसारखा आत मुरलेला दिसला तर वेताचा गाभा असायची शक्यता जास्त, तो रंग पितो, बांबूची साल खरवडल्याशिवाय रंग धरत नाही आणि काही दिवसांनी पापुद्रे निघतात. माझ्या त्या डझनाचे पण निघायला लागले होते, मला वाटलं माझ्याच हाताला घाम फार येतो.

आणि तिसरा भिडू प्लॅस्टिक. किनाऱ्यावरच्या शॅकच्या बाहेर पावसात वर्षानुवर्षं राहणाऱ्या ज्या 'केनच्या' खुर्च्या दिसतात त्या बहुतेक वेळा सिंथेटिक असतात. पट्टी मैलभर एकसारखी, एक गाठ नाही, एक व्रण नाही. अस्सल वेत आपल्या जूनच्या पावसात बाहेर ठेवला तर ऑगस्टपर्यंत बुरशीने पांढरा होईल.

पावसावरून आठवलं. बुरशी दोघांना पण धरते, पण बांबूचा खास शत्रू म्हणजे पोखरणारा बारीक भुंगेरा, बांबूतला स्टार्च खायला येतो आणि बाहेर पिठासारखी पिवळसर पूड टाकतो. म्हणून चांगले कारागीर बांबू कापून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, स्टार्च निघून जातो, हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात पण ठेवतात. जुन्या घरांत टोपल्या चुलीवरच्या माळ्यावर असायच्या, धूर लागून काळ्या व्हायच्या आणि टिकायच्या, गॅस आला आणि टोपल्या किडायला लागल्या. वेताला जास्त कोरडं पण सोसत नाही, तडकतो. बाल्कांवातल्या खुर्चीची जाळी झोळ पडून खाली आली असेल आणि कुठे तुटलेली नसेल तर खुर्ची उलटी करून जाळी खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवा आणि रात्रभर कुणाला बसू देऊ नका, वाळताना ती परत ताणते. बांबूच्या बाबतीत असली जादू नाही, पट्टी सैल झाली की झाली.

राहता राहिली माझी खेळणी. क्रोशेच्या वस्तूला बांबूची टोपली थोडी वैरीच, पट्टीच्या कडेची एखादी कुसळी टाक्यात अडकली की टाका ओढला जातो आणि सशाच्या पोटावर लोंबता फास तयार, तो परत आत ढकलायला मला चष्मा लावून वीस मिनिटं जातात. वेताच्या गाभ्याला पण तूस असते पण ती ज्योतीवरून झरझर फिरवून जाळता येते, बांबूला आतून सुती कापडाचं अस्तरच शिवावं लागतं. वेताच्या बास्केटचा हिशेब केला तर सशापेक्षा टोपली महाग होते, म्हणून मी आता त्याच मावशीकडून बांबूच्याच घेते, अस्तर लावते, आणि लेबलवर 'बांबूची टोपली' असं लिहिते. परवा एकीने विचारलंच, केनची नाही का हो, जरा क्लासी दिसते. मी तिला टोपली उलटी करून टोक दाखवायला गेले तर ती म्हणाली राहू दे, रिबीन तेवढी गुलाबी लावा.

त्या पहिल्या डझनातल्या तीन अजून घरात आहेत. एकीत कांदे, एकीत लसूण, आणि तिसरीच्या खाली काल झाडताना पिवळी पूड दिसली.