शंभर गाड्यांची मंजनीक आणि एक सेंटिमीटर

मध्ययुगीन वेढ्यांच्या व्हिडिओंत एक दृश्य ठरलेले असते. मंजनीक या दगड फेकणाऱ्या लाकडी यंत्राचा दांडा फिरतो, पेटता गोळा उडतो आणि एका फटक्यात तट कोसळतो. प्रत्यक्षात गोळा बहुधा साधा घडवलेला दगड असे, आणि अख्खा तट पाडणे हे त्याचे मुख्य काम नसे. १२९१ साली अक्कोला (युरोपीय नकाशांतले एकर) पडलेला वेढा याचे चांगले उदाहरण आहे.

भूमध्य समुद्रात घुसलेल्या टोकावर वसलेले हे ख्रिस्ती क्रुसेडरांचे शेवटचे मोठे ठाणे. जमिनीच्या बाजूला दुहेरी तट होता. समुद्र मोकळा असल्याने रसद जहाजांनी येत राही, त्यामुळे उपासमारीने शहर पडण्याची आशा नव्हती. इजिप्तचा मामलुक सुलतान अल-अश्रफ खलीलने एप्रिलच्या सुरुवातीला वेढा घातला तो यंत्रे आणि सुरुंगवाले घेऊनच. सीरियातल्या हमा शहराच्या फौजेतला तरुण अमीर (सरदार) अबुल-फिदा याने लिहून ठेवले आहे की, हिस्न अल-अक्राद किल्ल्यावरून ‘अल-मन्सूरी’ नावाची एक मंजनीक सुटी करून आणली, तिला १०० गाड्या लागल्या. पावसात आणि बर्फात बैल मेले. घोड्यावरून आठेक दिवसांची वाट महिनाभर चालली.

एका यंत्राला एवढ्या गाड्या कशाला? लांब दांडा, दोन्ही बाजूंचे उंच खांब, आस, दोरखंड, वजनाची पेटी असा सगळा पसारा असतो. पण त्याच्या मुळाशी असलेले गणित शाळेतलेच आहे. दांडा आसावर तोललेला. आखूड बाजू समजा २ मीटर, लांब बाजू १० मीटर. आखूड टोकाला दगड-मातीने भरलेली पेटी, लांब टोकाला दोरांची झोळी. पेटी १० टनांची धरली आणि ती ३ मीटर खाली आली, तर सुमारे ३ लाख जूल ऊर्जा मिळते. त्यातली निम्मी १०० किलोच्या दगडाला मिळाली तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५४ मीटर होतो, आणि हवेचा अडथळा सोडला तर तो ३०० मीटरवर पडतो.

खरी गंमत झोळीत आहे. नुसत्या दांड्याने दगड फेकला तर बरीचशी ऊर्जा दांड्याच्या आणि पेटीच्याच हालचालीत अडकून राहते. झोळी असली की सुरुवातीला दगड खालच्या चरातून घसरत मागे राहतो. दांडा उभा होत आला की झोळी बाहेर भिरकावली जाते, तिचा ताण दांड्याच्या टोकाला मागे खेचतो आणि दांडा मंदावतो. त्याने गमावलेली ऊर्जा दगडात जाते. जोंधळ्याच्या शेतात पाखरे हाकणारी गोफण ऐन सुटण्याच्या क्षणी हात थांबवते, तसेच हे. उत्तम जुळवलेल्या यंत्रात दगड सुटतो तेव्हा पेटी जवळजवळ थबकलेली असते. ती खाली जाऊनही हेलकावत राहिली तर समजावे, ऊर्जा वाया गेली आणि सांधे खिळखिळे होणार.

सुटण्याचा क्षण ठरवतो दांड्याच्या टोकाचा लोखंडी आकडा. झोळीचा एक दोर टोकाला पक्का बांधलेला असतो, दुसऱ्याची कडी आकड्यावर नुसती अडकवलेली. आकडा सरळ असेल तर कडी लवकर निसटते आणि दगड उंच जातो. पुढे वाकवला तर उशिरा निसटते आणि दगड सपाट जातो. झोळी लांब केली तरी सुटका लांबते. कडी गंजली, दोर भिजून आखडला, की नेम गेला.

तरीही कोनातल्या चुकीची भीती वाटते तेवढी नसते. ४५ अंशांच्या आसपास कोन ३ अंशांनी चुकला तर ३०० मीटरमध्ये दोनेक मीटरचाही फरक पडत नाही, कारण तिथे पल्ल्याचा आलेख माथ्यावर सपाट असतो. वजनाचे तसे नाही. १०० किलोचा चुनखडीचा गोळा साधारण ४२ सेंटिमीटर व्यासाचा. पाथरवटाने व्यास एका सेंटिमीटरने जास्त ठेवला तर वजन ७ टक्क्यांनी वाढते आणि दगड सुमारे २० मीटर आधीच, म्हणजे तटाऐवजी खंदकात पडतो. नेमबाजीचे निम्मे काम छिन्नी-हातोड्याकडे होते ते असे.

याच गणिताने फुगवलेले दावेही तपासता येतात. ‘३०० किलोचा दगड अर्धा किलोमीटर’ असे कोणी ठोकून दिले, तर ३ मीटरच्या उतारासाठी पेटी ५० टनांची लागेल. तेवढा भार झटक्यात पेलणारा लाकडी आस आधी दाखवा, मग हरवलेल्या प्राचीन तंत्रज्ञानावर बोलू.

मोठे यंत्र पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून मामलुकांनी दोर हाताने खेचून चालवायची छोटी यंत्रेही आणली होती. शहरातल्या एका प्रत्यक्षदर्शी ख्रिस्ती लेखकाच्या मते मोठ्यांपेक्षा त्यांनीच जास्त हानी केली. कारण उघड आहे: दगड हलका, पण मारा सतत, त्यामुळे तटावर उभे राहणेच अवघड.

शहरातल्यांनी तर एका जहाजावरच मंजनीक चढवली आणि समुद्राच्या बाजूने हमाच्या तंबूंवर मारा केला. कल्पना चांगली, पण जमिनीवर आस आडवा राहतो, डेकवर तो लाटेबरोबर कलतो. मग आसाच्या टोकांवर आणि खांबांच्या सांध्यांवर बाजूचा ताण येतो, आणि ते सांधे त्या दिशेला सर्वांत दुबळे असतात. त्यात एवढे वजन उंचावर, म्हणजे जहाज जास्तच डोलणार. एका रात्री वादळ झाले आणि ती मंजनीक मोडून पडली. पुन्हा उभी केली नाही, असे अबुल-फिदा नोंदवतो.

बुरूज पाडले ते मुख्यतः जमिनीखालून. दगडांच्या माऱ्याने वरचे रक्षक दबकून राहिले की सुरुंगवाले पायाखाली पोकळी खणत, तिला लाकडी टेकू देत आणि शेवटी टेकूच पेटवून देत. आपल्याकडे वसईला १७३९ मध्ये सुरुंगात दारू ठासली होती. इथे काम आगीचे आणि वरच्या दगडांच्या वजनाचे. १५ मेला सायप्रसचा राजा हेन्री याच्या नावाच्या बुरुजाची दर्शनी बाजू ढासळली, १८ मेला शहर पडले. टेम्पलरांची, म्हणजे ख्रिस्ती लढवय्या संन्याशांची, गढी आणखी दहा दिवस तगली. तिलाही खालून पोखरले होते, आणि २८ मेला ती आतल्या टेम्पलरांसह आत घुसलेल्या मामलुक सैनिकांवरही कोसळली.