गादीवाफा, परडं आणि गच्चीवरची पिशवी

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारं अळू, गोठ्याच्या छपरावर चढलेलं पडवळ, तुळशीशेजारी फुटक्या माठातली मिरची. कोकणात घरची भाजी म्हणजे एवढंच असे आणि त्याला बागकाम असं नाव कुणी दिलं नव्हतं. गच्चीवरच्या ग्रो बॅगा आणि अंगणातल्या चिऱ्यांच्या चौकटी अलीकडच्या. त्यांची गोष्ट १९९० च्या आसपास सुरू होते.

त्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. अनुदान होतं, म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत हापूस-काजूची कलमं लागली, आणि बऱ्याच घरांत ती परड्यापर्यंत, घरामागच्या भाजीच्या तुकड्यापर्यंत येऊन पोचली. कलमं मोठी झाली तशी सावली दाटली. सावलीत दोडकं धरत नाही. गुरंही कमी झाली आणि शेणखत विकतचं झालं. भाजी घाटावरच्या टेम्पोतून दारात येते म्हटल्यावर परड्याकडे कोण बघणार? २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चाकरमानी घरी बसले आणि मग बघणं भाग पडलं. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंबे आडवे झाले. नुकसान मोठंच, पण काही परड्यांत कित्येक वर्षांनी ऊन पडलं.

घोळ आहे तो ‘गादीवाफा’ या शब्दाचा. कृषी विभागाच्या पत्रकांत हा रोपवाटिकेचा वाफा: ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, जेमतेम वीतभर उंच. मिरची-वांग्याची रोपं त्यात चार-सहा आठवडे राहतात आणि मग दुसरीकडे लावली जातात. व्हिडिओवाल्यांनी ‘रेज्ड बेड’ला हाच शब्द चिकटवला, आणि तात्पुरत्या वाफ्याची दीड-दोन फूट उंच कायमची पेटी झाली. थंड देशांत अशा पेटीचा मोठा फायदा म्हणजे वसंतात माती लवकर तापते. रत्नागिरीत माती तापवायची गरज कुणाला आहे? इथे उंच वाफा हवा तो जून ते सप्टेंबर, ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो तेव्हा, मुळं कुजू नयेत म्हणून. भातकापणी झाली की गणित उलटतं. वायंगणाला (भातानंतरच्या पिकाला) जुनी माणसं खोलगट आळी करत, म्हणजे शिंपलेलं पाणी बुंध्याशीच राहतं. जांभ्याची माती तशीही पाणी धरत नाही; उंच पेटीत ती एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. पेटी बारमाही म्हणून खपवणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं. पावसाळी काकडीला, घेवड्याला मात्र ती चांगलीच.

बियाण्याच्या बाजूने काम आधीच झालं होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कारल्याचं ‘कोकण तारा’, दोडक्याचं ‘कोकण हरिता’, पडवळाचं ‘कोकण श्वेता’ हे वाण इथल्या हवेसाठीच काढले. मातीचं तसं झालं नाही. घरच्या नारळाची सोडणं (वरची सालं) आंघोळीच्या पाण्याखाली जळतात आणि गच्चीसाठी तशाच सोडणांच्या भुशाची, म्हणजे कोकोपीटची, पाच किलोची वीट तामिळनाडूतून येते. खाडीकाठी आणखी एक अडचण, उन्हाळ्यात विहिरी मचूळ, खारट होतात. त्या पाण्याने मेपर्यंत पिशवीतल्या मातीवर पांढरट थर येतो. पिशव्या पहिल्या पावसात उघड्यावर ठेवल्या की तो धुऊन जातो, फक्त तळाची भोकं मोकळी हवीत.