प्रभागापर्यंत न पोहोचलेली चिठ्ठी

विधानसभेचा निकाल लागून पाच दिवस झाले होते. २८ नोव्हेंबर २०२४ ला ज्येष्ठ कामगार नेते बाबा आढाव पुण्यातल्या फुले वाड्यात उपोषणाला बसले आणि तीन दिवस तिथे माणसांची रीघ लागली. त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने गावापुरतं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. ३ डिसेंबरचा दिवस ठरला होता, पण पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. बाबांच्या उपोषणामागे निवडणुकीतल्या पैशासारखे इतरही मुद्दे होते. तरी दोन्हीकडच्या गाभ्याला मतदान यंत्रावरची शंका आणि एक साधी मागणी होती: आमचं मत मोजलं गेलं, हे आम्हाला पाहता आलं पाहिजे.

एकेकाळी हे पाहता येत होतं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी असे. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अशा लाखो पेट्या तयार झाल्या. पुढे एकच मतपत्रिका आणि शिक्का आला. मोजणीच्या टेबलाशी बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी प्रत्येक कागद डोळ्यांनी बघायचा आणि शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला असेल तर तिथेच हरकत घ्यायचा. बोगस मतदान आणि केंद्र बळकावणं हे त्या पद्धतीचे खरे रोग होते, ते विसरून चालणार नाही.

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र (ईव्हीएम) पहिल्यांदा वापरलं गेलं ते मे १९८२ मध्ये, केरळातल्या परवूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं, कारण कायद्यात यंत्राचा उल्लेखच नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ आलं, १९९८ मध्ये १६ विधानसभा मतदारसंघांत प्रयोग झाला आणि २००४ ची लोकसभा संपूर्ण यंत्रावर झाली. या सगळ्या प्रवासात यंत्र वापरायला कायद्याची परवानगी मिळाली, पण मतदाराने पडताळायचं कसं, याची तरतूद झाली नाही. माझ्या मते आजच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

ती उणीव भरायला व्हीव्हीपॅट आलं, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदी चिठ्ठीवर छापून दाखवणारं जोडयंत्र. ऑगस्ट २०१३ मध्ये नियम बदलले आणि सप्टेंबरमध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये पहिला वापर झाला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा पारदर्शक निवडणुकीसाठी अत्यावश्यक असल्याचं म्हटलं. काचेमागे सात सेकंद दिसून पेटीत पडणारी ती चिठ्ठी २०१९ ला देशभर पोहोचली.

पण चिठ्ठी छापणं आणि ती मोजणं यांत फरक आहे. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने विधानसभा क्षेत्रामागे एकाऐवजी पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितलं. त्या वर्षी मी मोजणी प्रतिनिधी होतो. केंद्रांचे क्रमांक लिहिलेली कार्डं घड्या घालून डब्यात हलवली, त्यातली पाच काढली, आणि बँकेच्या कॅशियरसारख्या जाळीच्या खोलीत चिठ्ठ्या चिन्हांप्रमाणे खणांत पडू लागल्या. बाहेरून आम्ही एकेक मोजत होतो. आकडा जुळला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या विरोधी पक्षाच्या माणसाने आणि मी एकाच वेळी श्वास सोडला.

मात्र पाच हा आकडा जिंकण्या-हरण्यातल्या मतांच्या फरकाशी बांधलेला नाही. मतदारसंघात साधारण तीनशे केंद्रं धरली, तर पन्नास हजारांनी लागलेल्या निकालाला पाच पेट्या पुरेसा आधार देतात. पाचशेंनी लागलेल्याला देत नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून वेगळी पद्धत धरली: फरक जितका कमी, तितके जास्त कागद तपासायचे, आणि शंका उरली तर सगळे. आपल्याकडे २६ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागता येईल, एवढी वाट मोकळी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रांवरच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेसाठी बंद झाल्या. हे पाऊल मला उलट्या दिशेचं वाटतं.

यंत्राची तपासणी पुण्याला नवी नाही. २०१४ च्या पर्वती मतदारसंघातल्या एका यंत्राची न्यायवैद्यक तपासणी करायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेलं आणि छेडछाड आढळली नाही, असा अहवाल आला. हे मी मनापासून मानतो. तक्रारदाराला न्यायालय गाठायला लागावं आणि उत्तर तीन वर्षांनी यावं, एवढंच खटकतं.

आणि महापालिकेत तर कागदच नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका केंद्रीय आयोग घेतो, पालिकेच्या राज्य निवडणूक आयोग, जो १९९४ मध्ये स्थापन झाला. चार नगरसेवकांच्या प्रभागात एकाच मतदाराची चार मतं, त्याला जुळणारं व्हीव्हीपॅट नाही, असं कारण दिलं गेलं. ही अडचण तांत्रिक आहे आणि सोडवता येण्याजोगी आहे. पालिका निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २४३-झेडए ने विधिमंडळालाच दिला आहे, त्यासाठी दिल्लीकडे बघावं लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घेण्याची शिफारस केलीच.

१५ जानेवारी २०२६ ला पुण्याने जवळजवळ नऊ वर्षांनी नगरसेवक निवडले. मी चार बटणं दाबली, बझर वाजला आणि बाहेर आलो. काच कुठेच नव्हती.