काउंटर डेक (डिजिटल पत्तेखेळ)

काउंटर डेक : डिजिटल पत्तेखेळांत एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी मुद्दाम बांधलेला पत्त्यांचा संच. हा प्रतिस्पर्धी बहुधा संगणक चालवतो आणि त्याचा डेक एखाद्या कल्पनेभोवती उभा असतो : सगळे पत्ते पाण्याचे, सगळे विजेचे, किंवा एखादा असा नियम जो फक्त त्यालाच लागू आहे.

घरातल्या पत्त्यांशी तुलना केली की यातला वेगळेपणा कळतो. मेंढीकोट किंवा झब्बू खेळताना एकच कॅट पिसून सगळ्यांना वाटतात आणि हाती येतील त्या पानांवर डाव काढावा लागतो. कौशल्य असते ते खेळण्यात. डेक बांधायच्या खेळात मात्र प्रत्येकाचा कॅट वेगळा असतो आणि तो त्याने स्वतः निवडलेला असतो, त्यामुळे अर्धा डाव पहिले पान उचलण्याआधीच खेळून झालेला असतो. समोरचा कोण हे आधीच ठाऊक असेल, तर हा अर्धा भाग आणखी मोलाचा ठरतो.

माणसांच्या स्पर्धेत असा डेक बांधणे धोक्याचे असते. एकाला मारण्यासाठी घेतलेला पत्ता बाकीच्यांसमोर हातात पडून राहतो, म्हणून स्पर्धेतले खेळाडू सर्वांसमोर बऱ्यापैकी चालेल असा डेक पसंत करतात. संगणकाचा प्रतिस्पर्धी मात्र हरल्यावर आपला डेक बदलत नाही. आज जे पत्ते त्याच्याकडे होते तेच उद्याही असतात. त्यामुळे इतर कोणासमोरही टिकणार नाही असा डेक घेऊन त्याला हरवणे पूर्णपणे शहाणपणाचे असते, आणि या प्रकाराची सगळी मौज तिथेच आहे. पहिली हार वाया जात नाही. त्या डावात समोरून काय काय आले ते नीट पाहिले, तर ती त्याच्या डेकची यादीच असते.

संगणकावरची सुरुवातीची चांगली उदाहरणे १९९० च्या दशकातली आहेत. मायक्रोप्रोजने १९९७ साली काढलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’च्या संगणकीय खेळात पाच रंगांचे पाच जादूगार होते आणि खेळाडू नकाशावर हिंडत पत्ते जमवत असे. मॅजिकमध्ये एखाद्या रंगावरच तुटून पडणारे पत्ते होतेच. ‘त्सुनामी’ हा पत्ता सगळी बेटे, म्हणजे निळ्या रंगाचा सगळा शक्तिस्रोत, बुडवतो, तर ‘फ्लॅशफायर्स’ पांढऱ्याची सगळी मैदाने जाळतो. निळा नसलेल्या माणसासमोर त्सुनामी हा निव्वळ कागद. निळ्या जादूगारासमोर तोच पत्ता डाव संपवू शकतो.

पण ही कला शिकायला सर्वांत उत्तम शाळा म्हणून एकाच खेळाचे नाव घ्यायचे झाले, तर ते गेम बॉयवरच्या ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम’चे घ्यावे लागेल. तो जपानमध्ये डिसेंबर १९९८ मध्ये आणि अमेरिकेत एप्रिल २००० मध्ये आला. हडसन सॉफ्ट आणि क्रिएचर्स या कंपन्यांनी तो बनवला. यात आठ क्लब आहेत : फायटिंग, रॉक, वॉटर, लाइटनिंग, ग्रास, सायकिक, सायन्स आणि फायर. प्रत्येक क्लबचा एक मास्टर आणि प्रत्येकाचा आपल्या क्लबला साजेसा डेक. डेक ६० पत्त्यांचा, आणि साध्या एनर्जी (पोकेमॉनला मारा करता यावा म्हणून जोडायचे शक्तीचे पत्ते) सोडल्या तर एका पत्त्याच्या जास्तीत जास्त ४ प्रती. मास्टरशी डाव ६ प्राइझचा असतो, म्हणजे त्याचे ६ पोकेमॉन पाडले की आपण जिंकलो.

खेळाचा कणा म्हणजे पत्त्याच्या तळाशी छापलेल्या दोन खुणा. कमजोरी असेल तर त्या प्रकाराच्या माराने दुप्पट इजा होते, आणि प्रतिकार असेल तर इजा ३० ने कमी होते. नवशिक्याला हे कोष्टक पाठ करण्याजोगे वाटते : आगीला पाणी, पाण्याला वीज, विजेला फायटिंग. पहिले काही डाव ते पुरतेही. लाइटनिंग क्लबचा मास्टर आयझॅक याच्यासमोर हिटमॉनचॅन ठेवला, की एका एनर्जीवर चालणारा त्याचा २० चा ‘जॅब’ ४० चा होतो, आणि ४० एचपीचा (एचपी म्हणजे पोकेमॉन पडेपर्यंत सोसू शकेल एवढी इजा) पिकाचू एका फटक्यात आडवा पडतो. हिटमॉनचॅन बेसिक पोकेमॉन आहे, त्याला कशातून उत्क्रांत व्हावे लागत नाही. पहिल्याच पाळीपासून तो कामाला लागतो, आणि समोरचा अजून एनर्जी जोडत असतानाच आपण प्राइझ उचलू लागतो.

कोष्टकावर विसंबून राहणारा आयझॅकसमोरच अडकतो. त्याच्या डेकचे नाव ‘झॅपिंग सेल्फडिस्ट्रक्ट’ आहे आणि ते नाव सरळ धमकी आहे. मॅग्नेटॉन स्वतःला उडवून समोरच्याला ८० ची इजा करतो, शिवाय दोन्ही बाजूंच्या बेंचवरच्या, म्हणजे मागे राखीव बसलेल्या, प्रत्येकाला २० ची. ७० एचपीचा हिटमॉनचॅन यात जातो, आणि बेंचवर ३०–४० एचपीची पिल्ले रांगेने बसवली असतील तर त्यांचीही वाताहत होते. म्हणजे विजेविरुद्ध ‘फायटिंग घ्या’ एवढे पुरत नाही, कोणते फायटिंग हे विचारावे लागते. ऱ्हायहॉर्नचे ७० एचपी आहेत आणि त्याला विजेचा प्रतिकार आहे. ८० चा स्फोट त्याच्यावर ५० चा होतो, आणि तो उभाच राहतो. मॅग्नेटॉन मात्र स्वतः मेलेला असतो, म्हणजे प्राइझ आपले. बेंच भरण्याची सवय इथे मोडावी लागते : दोन-तीन धट्टेकट्टे बेसिक पोकेमॉन, बाकी जागा रिकाम्या. विषय पाहून कमजोरी ओळखणे ही पहिली पायरी झाली. त्याच विषयाची चाल काय आहे हे पाहून डेक घडवणे ही दुसरी, आणि खरे काउंटर डेक तिथे सुरू होतात.

फायटिंग क्लबचा मिच आणि रॉक क्लबचा जीन यांची जोडी याच कारणाने फार बोधक आहे. दोघांच्या डेकमध्ये एनर्जी एकच, फायटिंग. पण माचॉप आणि हिटमॉनचॅन सायकिकला कमजोर आहेत, तर जिओड्यूड, ऑनिक्स, डिग्लेट, ऱ्हायहॉर्न हे दगड-मातीचे लोक ग्रासला कमजोर. मिचला नमवणारा डेक तसाच उचलून जीनकडे नेला, तर कमजोरीचा फायदा शून्य. एनर्जीचा रंग पाहायचा नसतो, पत्त्याचा तळ वाचायचा असतो.

वॉटर क्लबच्या एमीचा ‘गो गो रेन डान्स’ हा तिसरा धडा देतो, वेळेचा. साधारणपणे एका पाळीत एकच एनर्जी जोडता येते. ब्लास्टॉइज मैदानात असेल, तर त्याच्या ‘रेन डान्स’मुळे पाण्याच्या हव्या तितक्या एनर्जी एकाच पाळीत जोडता येतात. हे एकदा सुरू झाले की थांबवणे कठीण. पण ब्लास्टॉइज होण्यासाठी आधी स्क्वर्टल, मग वॉर्टॉर्टल, मग ब्लास्टॉइज असा प्रवास करावा लागतो. म्हणून मारायचे ते स्क्वर्टलला. तो ४० एचपीचा आहे आणि विजेला कमजोर आहे, इलेक्टाबझचा ३० चा ‘थंडरपंच’ त्याच्यावर ६० चा होतो. एमी त्याला बेंचवर लपवून वाढवू पाहील, तर ‘गस्ट ऑफ विंड’ हा ट्रेनर पत्ता बेंचवरच्या पोकेमॉनला ओढून पुढे आणतो. हे पत्ते डेकमध्ये चारच्या चार घालावेत. दुसरा उपायही आहे : मकचा ‘टॉक्सिक गॅस’ सगळ्यांच्या पोकेमॉन पॉवर, म्हणजे पत्त्यांच्या खास शक्ती, बंद पाडतो, रेन डान्ससुद्धा. पण मक स्वतः ग्रायमरमधून उत्क्रांत होतो आणि दोन्ही पत्ते वेळेवर हाती यावे लागतात. झाड तोडण्यापेक्षा रोप उपटणे सोपे, म्हणून माझा कौल गस्ट ऑफ विंडला आहे.

शेवटी हा खेळ जे करतो ते मला अत्यंत प्रामाणिक वाटते. आठ पदके मिळवल्यावर चार ग्रँड मास्टरांशी लागोपाठ लढावे लागते : कोर्टनी, स्टीव्ह, जॅक आणि रॉड. त्यांचे मुख्य पत्ते म्हणजे मोल्ट्रेस, झॅपडॉस, आर्टिक्युनो हे तीन पक्षी आणि ड्रॅगनाइट. या चौघांना कमजोरीच नाही. वर फायटिंगचा प्रतिकार आहे, म्हणजे आयझॅकसमोर ४० ची इजा करणारा जॅब झॅपडॉसवर शून्य ठरतो. आतापर्यंत हातात धरून चाललेली काठी खेळ इथे काढून घेतो. मग पक्ष्यांऐवजी त्यांना पोसणाऱ्या एनर्जीवर हल्ला करणे, ‘एनर्जी रिमूव्हल’ने ती उडवत राहणे आणि बाजूच्या दुबळ्या पोकेमॉनमधून प्राइझ गोळा करणे हाच मार्ग उरतो.

दुसरी शाळा ‘हार्थस्टोन’ची. ब्लिझार्डच्या या खेळात २२ जुलै २०१४ पासून ‘कर्स ऑफ नॅक्सरामास’ ही मोहीम पाच आठवड्यांत, दर आठवड्याला एक विभाग अशी उघडत गेली. तिच्यात १५ बॉस, म्हणजे संगणकाचे तगडे प्रतिस्पर्धी, होते. इथे रंगांचे कोष्टक नाही. प्रत्येक बॉसची एक हिरो पॉवर, म्हणजे खास शक्ती, आहे आणि ती खेळाचा एखादा नियमच फिरवते. मोहिमेची कठीण आवृत्ती, म्हणजे हिरोइक पातळी, तर ३० पत्त्यांचा नेहमीचा डेक घेऊन येणाऱ्याला दोन-चार पाळ्यांतच घरी पाठवते.

ग्रँड विडो फेअरलीना खेळाडूच्या हातात जितके पत्ते असतील तितके बाण सोडते. पत्तेखेळाचा सर्वांत जुना सल्ला म्हणजे हात भरलेला ठेवा. तिच्यासमोर भरलेला हात हीच शिक्षा होते. म्हणून डेकमधले पत्ते ओढून देणारे सगळे पत्ते काढायचे, एक-दोन मानाचे (माना म्हणजे पत्ता खेळण्यासाठी खर्चायची शक्ती) स्वस्त मिनियन, म्हणजे मैदानात उतरून लढणारे पत्ते, भरायचे आणि हात रिकामा करत सुटायचे. मॅक्सना ही कोळीण हिरोइक पातळीवर दर पाळीला, तेही फुकट, खेळाडूचे दोन मिनियन त्याच्या हातात परत पाठवते. महागडा मिनियन तिच्यासमोर पैसे पाण्यात घालण्यासारखा. पण मैदानात उतरताना काही करून जाणारे, म्हणजे बॅटलक्रायचे मिनियन परत आले की पुन्हा खेळता येतात. उतरल्या पाळीतच हल्ला करणारे चार्जचे मिनियनही तसेच उपयोगी. तिची शक्ती इथे आपल्यासाठी राबते.

रझुव्हियसच्या हातात हिरोला, म्हणजे थेट खेळाडूला, दुप्पट इजा करणारे शस्त्र असते. त्यावर उतारा म्हणजे ‘अ‍ॅसिडिक स्वॅम्प ऊझ’, दोन मानाचा, समोरचे शस्त्र नष्ट करणारा, त्या काळी प्रत्येक नव्या खेळाडूकडे असलेला पत्ता. दुर्मीळ, महागडे पत्ते नसतील तर काउंटर डेक होत नाही असा समज आहे, तो या एका पत्त्याने खोटा ठरतो.

लोथेबवर मात्र थांबले पाहिजे. तो हिरोइक पातळीवर ९९ आरोग्य घेऊन बसतो आणि दर पाळीला फुकटात ३ ची इजा करतो. आपले आरोग्य ३०, म्हणजे त्याने बाकी काहीही केले नाही तरी दहा पाळ्यांत आपण संपलो. दहा पाळ्यांत ९९ ही साध्या मार्गाने न जमणारी गोष्ट. पण त्याच्याच बाजूला स्पोर नावाच्या क्षुल्लक बुरशा उगवतात, आणि त्यातली एक मेली की आपल्या प्रत्येक मिनियनचा हल्ला ८ ने वाढतो. मैदानात आपले पाच मिनियन असताना दोन स्पोर एकदम मारले, तर दहा आठे ऐंशी. वर त्यांचा मूळ हल्ला. म्हणून डेक असा हवा की स्वस्त मिनियन भराभर उतरून मैदान भरेल, आणि हातात एखादा सगळ्यांना थोडी इजा करणारा स्पेल राखलेला असेल. मोह होतो तो दिसला स्पोर की मारायचा. तो आवरून मैदान भरेपर्यंत थांबणे, आणि तरीही दहाव्या पाळीच्या आत उरकणे, या दोन टोकांमधली ती ओढाताण मला संपूर्ण मोहिमेतला सर्वांत सुंदर डाव वाटते.

‘स्ले द स्पायर’मध्ये (पूर्ण आवृत्ती, जानेवारी २०१९) गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे डेक आधी बांधून नेता येत नाही, वाटेत एकेक पत्ता उचलत तो बनतो. पण प्रत्येक अंकाच्या नकाशाच्या टोकाला बॉसचे चिन्ह सुरुवातीलाच दिसते, म्हणजे उचललेल्या प्रत्येक पत्त्याचा हिशेब त्याच्या संदर्भात करता येतो. तिसऱ्या अंकातला टाइम ईटर आपण बारा पत्ते खेळलो की पाळी तिथल्या तिथे संपवतो आणि स्वतः बलवान होतो. एका पाळीत फुकटच्या छोट्या सुऱ्यांचा पाऊस पाडणारा डेक, जो तोवर सगळ्यांना लोळवत आलेला असतो, त्याच्यासमोर स्वतःच्याच वेगात अडकतो. त्याला थोडे पण जड पत्ते लागतात.

काउंटर डेक बांधताना हमखास होणारी चूक म्हणजे उतारे जास्त आणि डेक कमी. पोकेमॉनच्या ६० पत्त्यांत एखाद्या पत्त्याच्या चारही प्रती घातल्या, तरी पहिल्या सात पत्त्यांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. एकच प्रत घातलेला रामबाण बहुतेक वेळा डेकच्या तळाशी झोपलेला असतो. बेसिक पोकेमॉन बारा ठेवले, तर सुमारे १९ टक्के वेळा सुरुवातीच्या हातात एकही नसतो. म्हणून एक उतारा निवडून त्याच्या सगळ्या प्रती घालाव्यात, पत्ते ओढून देणारे ‘बिल’ आणि ‘प्रोफेसर ओक’ भरपूर ठेवावेत, आणि दुसरा, तिसरा, चौथा उतारा निर्दयपणे काढून टाकावा. काढून टाकणेच अवघड जाते, कारण प्रत्येक पत्ता कुठल्यातरी डावात उपयोगी पडलेला असतो.

हरल्यावरही एकदम दहा पत्ते बदलू नयेत. दोन-तीनच बदलावेत आणि पुन्हा खेळावे, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते. समोरचा तोच डेक घेऊन पुन्हा बसतो, त्यामुळे असा पडताळा घेता येतो. माणसासमोर तो घेता येत नाही.